आडवा र

‘मुक्त संगणक प्रणालीकडे झालेल्या स्थित्यंतरात मंडळाच्या संग्रहातील एकही नोंद गमावलेली नाही.’

हे वाक्य वऱ्हाडी बोलीकोश मंडळाच्या वार्षिक अहवालात आहे. अध्यक्ष डॉ. हरिहर धारस्कर यांनी ते सर्वसाधारण सभेत स्वतः वाचून दाखवले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा मंडळाची सहसंपादक होते आणि व्यासपीठाच्या डाव्या टोकाला बसले होते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. स्थित्यंतर झाले होते. प्रणाली मुक्त होती. ‘नोंद’ म्हणजे यंत्राच्या लेखी एक ओळ, आणि ओळी जितक्या होत्या तितक्याच राहिल्या होत्या. तेव्हा ‘एकही गमावलेली नाही’ हेही खरे होते. एखाद्या गावातली घरे जागच्या जागी ठेवून आतली माणसे तेवढी उचलून नेली, तर घरांची मोजदाद करणारा अधिकारी याच शब्दांत अहवाल देईल. राहता राहिला ‘मंडळाच्या’ हा शब्द. तो संग्रह मंडळाचा नव्हता. तो रत्नमाला खंडारे नावाच्या एका बाईंचा होता.

ज्या दुपारी आम्ही प्रणाली निवडली, त्या दुपारी अकोल्याचा उन्हाळा ऐन भरात होता आणि बैठकीच्या खोलीतला कूलर पाण्यावाचून नुसताच घरघरत होता. प्रश्न साधा होता. संगणकांवरची विकतची जुनी प्रणाली तिच्या निर्मात्यांनी वाऱ्यावर सोडली होती. तिची नवी आवृत्ती आमच्या थकलेल्या यंत्रांना पेलणार नव्हती. तेव्हा लिनक्सवर आधारलेली एखादी मुक्त प्रणाली निवडायची, आणि ती कार्यालयातही बसवायची व कोशाचे काम घरून करणाऱ्यांच्या घरीही, असे ठरले. सूचना माझीच होती. मी घरी तीच वापरत असे, आजही वापरते, आणि पुढे जे घडले त्यात तिचा काडीचाही दोष नाही, हे आधीच लिहून ठेवते. कारण निर्जीवावर दोष ढकलण्याची विद्या आमच्या मंडळात फार पुढे गेलेली आहे.

संगणकाचे काम बघणारे ठेकेदार मोहोड तीन पेनड्राइव्ह घेऊन आले होते. पन्नाशीचे, संथ बोलणारे गृहस्थ. प्रत्येक वाक्यानंतर चष्मा पुसत. यंत्रातले काहीही न पुसता नवी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, हे त्यांनी समजावले आणि तिन्ही एकामागून एक चालवून दाखवल्या. पहिली देखणी होती, पण तिच्या देखणेपणाच्या ओझ्याने यंत्राला धाप लागली. दुसरी इतकी हलकी होती की तिच्यात काय कुठे आहे ते मोहोडांनाच सापडेना. तिसरी साधी, जुन्या सवयीच्या माणसाला बुजवणार नाही अशी होती; तिला पुढली काही वर्षे सुधारणा मिळत राहणार होत्या, आणि तिच्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज होता. मराठीतही.

आमचे लेखनिक गुल्हाने यांनी हळूच विचारले की हिच्यात पत्त्यांचा डाव आहे का. आहे म्हटल्यावर त्यांनी तिसरीला मत दिले. धारस्करांना तिघींमध्ये रस नव्हता. त्यांना ‘राज्यातली पहिली संपूर्ण मुक्त संस्था’ हे बिरूद हवे होते. ‘घरीदारी मुक्त’ हे घोषवाक्यही त्यांनी तयार ठेवले होते, आणि त्या फलकाच्या अनावरणाला मंत्र्यांची तारीख मिळते का, हे ते मधूनमधून फोनवर विचारत होते.

खंडारेबाई कोपऱ्यात बसून होत्या. या बाई आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. बदली होईल त्या खेड्यात राहिल्या आणि शाळा सुटली की कापूस वेचणाऱ्या बायांमागे शब्द वेचत हिंडल्या. शब्द कोणता, तो कोणाच्या तोंडचा, कोणत्या गावचा आणि तोंडातून नेमका कसा निघाला, एवढे सगळे त्या टिपून घेत. मूळ चिठ्ठ्यांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी हट्टाने संगणक घेतला आणि सगळा संग्रह स्वतःच्या हाताने त्यावर चढवला. एक प्रत घरी, एक मंडळात. त्यातून कोश व्हायचा होता. मंडळ तो होईल होईल म्हणत राहिले, आणि तेवढ्यात काचबिंदूने बाईंची दृष्टी कडेकडेने कुरतडत आणली. उरलेली लवकरच जाईल, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. छापायला जाण्यापूर्वी प्रत्येक नोंद एकदा आपण तपासायची, एवढी एकच गोष्ट त्यांना आता हवी होती. म्हणून तो वाचणारा आवाज. मी त्या प्रणालीचा आग्रह धरला तो त्या आवाजासाठी.

“मले बाकी काही समजत नाही, मोहोडभाऊ,” बाई म्हणाल्या. “याच्यात आडवा र येते काय, तेवढं दाखवा.”

मोहोडांना आडवा र म्हणजे काय ते कळेना. बाई उठल्या, आणि स्वतःच कळा चाचपत त्यांनी शब्द उमटवला : पऱ्हाटी. मग पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन र आणि ह यांच्या सांध्यातली ती छोटी आडवी रेघ त्यांनी उरल्यासुरल्या नजरेने शोधली. तिथे ती होती. आवाजाला वाचायला लावले, तेव्हा तो एखाद्या सर्दी झालेल्या कीर्तनकारासारखा पण स्पष्ट म्हणाला, “पऱ्हाटी.”

बाई हसल्या. म्हणाल्या, “चालते मंग. डोये गेले तरी आता सारा कोश कानाखालून घालता येईन.”

“बाई, कानाखाली नका म्हणू,” गुल्हाने म्हणाले. “अध्यक्ष घाबरतील.”

धारस्करही हसले. तो त्या खोलीतला शेवटचा एकमताचा क्षण होता.

एक अडचण मात्र मी त्याच बैठकीत मांडली. बाईंचा संग्रह जुन्या टंकात, म्हणजे जुन्या फाँटमध्ये होता. त्या टंकात देवनागरी अक्षर हे फक्त वरचे सोंग असे; यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठलेली असत. नव्या प्रणालीत तो मजकूर आणायचा तर प्रत्येक चिन्हाला त्याचे खरे अक्षर नेमून देऊन सगळा संग्रह रूपांतरित करावा लागणार होता. अशा कामात चुका होतात. तेव्हा रूपांतर तपासून होईपर्यंत दोन्हीकडच्या जुन्या डिस्क बाजूला काढून ठेवाव्यात, असे मी म्हटले. धारस्करांनी मान डोलावली आणि संशय हा संशोधकाचा गुण असला तरी प्रशासकाला तो परवडत नाही, असे एक वाक्य टाकले. त्यांच्या अशा वाक्यांचा पुढे संग्रह निघाला. तो सुस्थितीत आहे.

मंत्र्यांची तारीख मिळाली, ती अपेक्षेपेक्षा फार लवकरची. मी तेव्हा नागपूरला विद्यापीठाच्या परीक्षांच्या कामाला गेले होते. मागे सगळे भराभर उरकले गेले. वेगळ्या डिस्क आणायला वेळ नाही म्हणून जुन्याच पुसून त्यांच्यावर नवी प्रणाली बसवली गेली. कार्यालयात सकाळी, आणि ‘घरीदारी’ हा शब्द पाळायचा म्हणून दुपारी बाईंच्या घरी. रूपांतरित संग्रह दोन्हीकडे ठेवला गेला. फलक लागला. मंत्र्यांनी कळ दाबली आणि आवाजाने स्वागताचे चार शब्द म्हटले, ते वर्तमानपत्रात आले.

मी परतले त्या दिवशी बाईंचा फोन आला. त्यांनी कधी घाई केल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशीही केली नाही.

“ताई, येऊन जा जरा. माह्या कोशातल्या बाया बोबड्या बोलून राह्यल्या.”

त्या अकोल्यालगतच्या मोठ्या उमरीला मुलीकडे राहत. मी गेले तेव्हा त्या संगणकापुढे नुसत्या बसल्या होत्या, संगणकाचा पडदाही चालू केलेला नव्हता. आधी त्यांनी मला अध्यक्षांचे उत्तर सांगितले. त्यांनी धारस्करांना फोन केला होता. धारस्कर म्हणाले होते की आवाज अजून कच्चा आहे, बाहेरच्या लोकांनी घडवलेला आहे, त्याला वऱ्हाडी वळण यायला वेळ लागेल.

“आवाज कच्चा नाही,” बाई म्हणाल्या. “पाहा.”

त्यांनी एक रिकामे पान उघडले आणि बोटांनी कळा चाचपत पुन्हा तोच शब्द लिहिला. आवाज म्हणाला, “पऱ्हाटी.” मग त्यांनी आपला संग्रह उघडला, प च्या भागात गेल्या आणि तोच शब्द ऐकवला.

“पहाटी,” आवाज म्हणाला. “कपाशीचे झाड.”

त्या पुढे पुढे जात राहिल्या. “गोहा. गाईचे नर वासरू.” “चहाट. जाड दोर.” “कुहाड.” “बिहाड.” आवाज थकत नव्हता, अडखळत नव्हता, त्याच्यापुढे जे ठेवले होते ते तो इमानाने वाचत होता. मी पडदा चालू केला आणि डोळ्यांनी पाहिले. आडवा र कुठेही नव्हता. चुकीच्या जागी नव्हता, वेगळ्या रूपात नव्हता, नव्हताच. रूपांतराच्या चाळणीतून तेवढे एक चिन्ह खाली पडले होते आणि उरलेली अक्षरे शेजारी शेजारी सरकून बसली होती, एखाद्या पंगतीतून माणूस उठवल्यावर बसतात तशी.

“द वर चला,” बाई म्हणाल्या.

मी गेले.

“दया. डोंगरांमधल्या खोल जागा.”

“ऐकलं?” त्या म्हणाल्या. “डोंगरात दया हाये म्हनते.”

मंडळात आठवडाभर चर्चा झाली. तिचा बराचसा भाग इथे देण्यासारखा नाही. डिस्क पुण्याला पाठवल्या; त्यांच्यावर नवे लिखाण झाल्याने जुने परत येणार नाही, असे कळले. मूळ चिठ्ठ्या वाळवीने केव्हाच संपवल्या होत्या, आणि मोहोडांकडे वेगळी प्रत नव्हती. काम संपल्यावर ठेवू नये, अशी अट मंडळानेच घातलेली होती. मग धारस्करांनी कार्यकारिणी बोलावली आणि तोडगा मांडला. ते मुळात उत्तम वक्ते होते आणि संकटात तर त्यांच्या वाणीला विशेष धार येई. चूक झाली आहे, पण ती एकाच प्रकारची आहे, म्हणजे तिचे नियम बांधता येतात, असे ते म्हणाले. पहाटी दिसले की पऱ्हाटी करावे, गोहा दिसले की गोऱ्हा. यंत्राला आज्ञा दिली की चहा पिऊन होईपर्यंत सगळे पूर्ववत होईल. सभासदांच्या चेहऱ्यांवर सुटकेचा वारा वाहिला. गुल्हाने चहा सांगायला उठलेसुद्धा.

“सर,” बाई म्हणाल्या, “कोनाच्या तोंडात बसवू?”

धारस्करांना प्रश्न कळला नाही. सभेतल्या बऱ्याच जणांना कळला नाही. तो कळण्यासाठी बाईंच्या नोंदी वाचलेल्या असाव्या लागतात. एकाच शब्दाखाली त्यांनी गावागावचे उच्चार वेगळे लिहिले होते. कोणी पऱ्हाटी म्हणे, कोणी पराटी, आणि नदीकाठच्या काही गावांतल्या जुन्या बाया खरोखरच र खाऊन पहाटी म्हणत. र कुठे टिकतो आणि कुठे गळतो, हाच त्यांच्या सगळ्या आयुष्याचा शोध होता. बोली कुठून कुठे सरकली हे त्या एका र च्या मागावर राहून त्या सांगू शकणार होत्या. आता सगळीच गावे र खात होती. ज्यांनी खरोखर गाळला होता आणि ज्यांचा आम्ही गाळला होता, त्या दोघी पडद्यावर एकसारख्या दिसत होत्या.

हे मी सभेला समजावून सांगितले. धारस्करांनी शांतपणे ऐकले आणि विचारले की बाईंना हे आठवत नाही का. शेवटी संग्रह त्यांचाच आहे.

“बरंचसं आठवते,” बाई म्हणाल्या. “सारं आठवत असतं तर लिवलं कायले असतं? ज्या बायांपासून घेतलं त्या गेल्या. त्यायच्या सुना टीव्हीतलं बोलतात. म्या अंदाजानं र बसवला तर ते त्यायचं बोलनं नाही राह्यत, माहं राह्यते. मेलेल्या मानसाच्या तोंडात मी आपला शब्द नाही घालत.”

“म्हणजे नेमकं काय करायचं म्हणता?”

“काही नाही. छापू नका.”

ही दोन वाक्ये त्यांनी कुठलाही आवेश न आणता उच्चारली. चाळीसहून अधिक वर्षे ज्यासाठी घालवली ते रद्द करा, असे सांगताना माणूस इतका कोरडा राहू शकतो, हे मी तोवर पाहिले नव्हते. मला राग आला होता, अजूनही आहे; बाईंना आलेला दिसला नाही. त्यांचा चेहरा बोलणाऱ्याच्या आवाजाकडे वळत असे, तेवढेच. नजर त्या महिन्यात जवळजवळ संपलीच होती. तपासायला त्यांच्याकडे कान होते, पण तपासण्यासारखे काही उरलेले नव्हते.

कोश छापला गेला. हे इथेच सांगून टाकते, कारण त्याबद्दल कोणाला आशा वाटावी असे मला वाटत नाही. यंत्राला आज्ञा देऊन सर्वत्र आडवा र बसवण्यात आला. नदीकाठच्या बायाही आता शुद्ध बोलतात. मुखपृष्ठावर बाईंचे नाव आहे. ते काढावे म्हणून त्यांनी दोनदा पत्रे पाठवली, मुलीच्या हातून लिहवून. मंडळाने उत्तर दिले की त्यांच्या ऋणाचा उल्लेख टाळणे मंडळाच्या संस्कृतीत बसत नाही. अभ्यासक त्या कोशाचा हवाला देतात, त्यावर प्रबंध झाले आहेत, आणि वऱ्हाडीत र सर्वत्र सारखाच टिकून आहे, असा एक निष्कर्षही निघाला आहे. मी एका नियतकालिकात खुलासा पाठवला. संपादकांनी तो मंडळातला अंतर्गत वाद समजून परत केला. बाई गेल्या तेव्हा मंडळाने शोकसभा घेतली. तिच्या निमंत्रणात ‘वर्हाडी’ असे छापले होते.

पण त्या कार्यकारिणीत आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्यासाठी हे लिहायला बसले आहे. बाईंचे बोलून झाल्यावर धारस्करांनी ठराव मांडला : घडलेली त्रुटी तांत्रिक स्वरूपाची असून तिला कोणी व्यक्ती जबाबदार नाही. हात वर होऊ लागले. मी म्हटले, त्याआधी ज्याने रूपांतर केले त्याला विचारू या. मोहोड बाहेर व्हरांड्यात बसले होते. त्यांना आत बोलावले.

यंत्र असे एखादे चिन्ह आपण होऊन गाळते का, असे मी विचारले. मोहोडांनी चष्मा पुसला. म्हणाले, नाही. ज्या चिन्हाला अक्षर नेमलेले नसते तिथे काम थांबते आणि विचारणा होते. काय करायचे ते माणसाने सांगावे लागते.

मग थांबले होते का?

थांबले होते.

मग तुम्ही काय केले?

मोहोडांनी चष्मा पुन्हा पुसला, तो मघाशीच स्वच्छ झालेला होता, आणि अध्यक्षांकडे पाहिले. खोलीतल्या सगळ्यांनीच पाहिले. बाईंनी मान त्या दिशेला वळवली. तिकडून अजून कोणताच आवाज आला नव्हता, तरी.

धारस्कर नाकारू शकले असते. मोहोडांचा शब्द एका बाजूला आणि अध्यक्षांचा दुसऱ्या. निकाल काय लागला असता हे मला ठाऊक आहे. त्यांनी नाकारले नाही. प्रामाणिकपणामुळे नव्हे. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही, म्हणून. समारंभ तोंडावर आला असताना घेतलेल्या अनेक किरकोळ निर्णयांपैकी एक सांगावा, तशा सहज, थोड्या वैतागलेल्या आवाजात ते बोलले. इतिवृत्त मी लिहीत होते. ठराव त्यानंतरही बहुमताने संमत झाला, पण हे वाक्य मी जसेच्या तसे टिपले, आणि त्यातले एकही अक्षर गळू दिलेले नाही :

“मोहोडांनी मला फोन करून विचारलं होतं, एक चिन्ह कशातच बसत नाही, काय करू, मी म्हटलं, काढून टाका, बाईंना आता कुठे दिसतंय.”